लेकुरवाळ्या चांदण्या

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली असताना इकडं छत्तीसगढात, आमच्या अहिवाऱ्यात रात्री लाइट गेली, की खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटतं. सून खाली चिडचिड करते, थोरला नातू मोबाइलमध्ये बॅटरी किती उरली ते बघत बसतो, आणि मी मात्र फळीवरचा जुना कंदील पुसून, वात कातरून, चटई बगलेत मारून गच्चीची वाट धरतो. पाच-दहा मिनिटांत सगळी पिलावळ मागोमाग वर येतेच, कारण खाली डास असतात आणि वर गोष्ट असते.

त्या रात्रीही तसंच झालं. भोवतालच्या शेतांतून पिकत्या धानाचा वास येत होता, दक्षिणेला भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या अंगाला क्षितिजावर तांबूस झाक होती, आणि पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बायकापोरींचा सुआ नाच रंगात आला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मध्ये टोपली, टोपलीत धान, धानावर मातीचा पोपट, आणि भोवती गोल धरून टाळ्या वाजवत फिरणं. आपल्या भोंडल्यात पाटावर हत्ती असतो, इथं टोपलीत पोपट, एवढाच काय तो फरक. आमची धाकटी नात तो नाच अर्धा बघून धापा टाकत वर आली, चटईवर आडवी झाली, आणि आभाळाकडं बघत म्हणाली, "आबा, त्या चांदण्यांभोवती पण असं कुणी फिरत असतं का? की त्या एकट्याच?"

मी कंदिलाची वात बारीक केली. कारण हा प्रश्न पोरीनं सहज विचारला असला, तरी त्याचं उत्तर मिळवता मिळवता शहाण्या माणसांच्या कितीतरी पिढ्या खपल्या आहेत, आणि ते हाती आलं तेव्हा तुझा बापही शाळेतच जात होता, असं मी तिला सांगितलं.

आपला सूर्य म्हणजे एक तारा, आणि त्याच्याभोवती आठ ग्रह फिरतात, हे पुस्तकात असतंच. मग बाकीच्या ताऱ्यांनी काय घोडं मारलंय, त्यांनाही लेकरंबाळं असणारच, असं माणसाला पूर्वीपासून वाटत आलंय. पण वाटणं वेगळं आणि दिसणं वेगळं. ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. ताऱ्याचा जेवढा अंगावर पडेल तेवढाच तो परत फेकतो. नंदिनीच्या खाणीत चुनखडीचा हिशेब ठेवण्यात माझी उमर गेली, तिथं रात्रपाळीला समोरून डंपर आला की त्याचा दिवा असा डोळ्यांत घुसायचा की दिव्याभोवती घिरट्या घालणारा किडा तर सोडाच, डंपरही दिसायचा नाही. ताऱ्यांचं तसंच आहे. लांबून कुणी आपल्याकडं बघितलं, तर सूर्य आपल्या पृथ्वीपेक्षा सुमारे हजार कोटी पटींनी उजळ दिसेल. त्या झगमगाटात ही आपली टिकली शोधायची कशी?

तर मी थोरल्याला म्हटलं, ऊठ, आणि धाकटीबरोबर फुगडी घाल.

तो नववीतला, अंगानं आडवा. ती चौथीतली, काडीसारखी. दोघांनी हात धरले आणि गरगर सुरू झालं. धाकटी नुसती उडत होती, तिचा फेरा केवढा तरी मोठा. थोरला मात्र जागच्या जागी फिरल्यासारखा. पण नीट बघितलं तर तोही जागचा हलत होताच, मागं झुकत, पावलं टाकत, आपला एक लहानसा गोल काढत होता. फुगडीत एकटं कुणी फिरत नाही, बाबा. लहानगी कितीही हलकी असली, तरी मोठ्याला थोडं तरी ओढतेच.

आता असं समज, मी म्हटलं, की रात्र काळीकुट्ट आहे, थोरल्याच्या डोक्यावर हा कंदील आहे आणि धाकटीनं काळं घोंगडं पांघरलंय. पलीकडच्या तळ्याच्या पाळीवरून बघणाऱ्याला काय दिसेल? नुसता कंदील. पण तो कंदील एका जागी स्थिर राहणार नाही, बारीक गिरकी घेत राहील. झोका ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा येऊ लागला, की पाळीवरचा शहाणा माणूस ओळखेल की हा एकटा नाही, ह्याच्या हाताला कुणीतरी लागलंय. झोका किती मोठा आणि किती वेळानं येतो, यावरून ती न दिसणारी गडीण वजनानं साधारण केवढी आणि किती लांबून फिरतेय, याचाही अंदाज तो बांधील.

ही युक्ती आजकालची नाही, आणि तिची एक गोष्ट आपल्या पुण्यात घडलेली आहे. कंपनी सरकारच्या काळात विल्यम स्टीफन जेकब नावाचा एक इंजिनिअर कप्तान होता. लोक पुण्यात येऊन पर्वतीला जातात, शनिवारवाडा बघतात. ह्या गड्यानं १८४२ मध्ये तिथं स्वतःची वेधशाळा थाटली, पाच फुटी दुर्बीण लावली आणि जोडताऱ्यांचा नाद धरला. जोडतारे म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन सूर्य, म्हणजे फुगडीच, पण दोघींच्याही डोक्यावर कंदील असलेली. पुण्यात बसून त्यानं अशा २४४ जोड्यांची यादी केली. पुढं तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला, आणि तिथं असताना १८५५ मध्ये त्यानं एका जोडीबद्दल वेगळीच गोष्ट मांडली. ती बघा, पश्चिमेला, भुजंगधारी तारकासमूहात. हातात साप धरून उभा आहे म्हणून भुजंगधारी. अहि म्हणजेही सापच, तेव्हा गावाच्या नावाची खरी फोड काहीही असो, मला आपलं उगाच वाटतं की तो अहिवाऱ्याचाच कुणीतरी असावा. तर त्यातल्या ७० क्रमांकाच्या ताऱ्यात दोन सूर्य आहेत, ८८ वर्षांत एक फुगडी पुरी करणारे. जेकबनं त्यांची जुनी-नवी मापं लावून बघितली, तर फेरा गणिताप्रमाणं पडेना, मध्येच जरासा चुकायचा. त्यानं ताडलं की इथं तिसरं कुणीतरी असावं, काळं घोंगडं पांघरलेलं.

"मग होतं?" थोरल्यानं विचारलं.

नव्हतं. मापांतच बारीक चुका होत्या, हे मागाहून उघड झालं. त्या जागी अजूनही ग्रह सापडलेला नाही. जेकबचं पुढचंही ऐका. तब्येत ढासळली म्हणून तो विलायतेला परतला, पण डोळ्यांपुढचं आपलं आभाळ काही हटेना. पुण्याजवळच्या डोंगरावर मोठी दुर्बीण लावायची, असा ध्यास घेऊन त्यानं तिथल्या पार्लमेंटकडून हजार पौंड मिळवले, आणि १८६२ च्या ८ ऑगस्टला मुंबईच्या बंदरात उतरला. १६ ऑगस्टला तो पुण्यात वारला. आठ दिवस! आणि तेही ऐन श्रावणातले, ढगांनी गच्च भरलेले. त्या आठ रात्रींत त्याला एखादी तरी चांदणी दिसली असेल का, असा विचार माझ्या मनात कैकदा येऊन जातो. त्याचं उत्तर चुकलं, पण कंदिलाच्या झोक्यावरून गडीण ओळखायची, हा हिशेब त्याचा बरोबर होता.

त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षं कितीतरी जणांनी "सापडला, सापडला" म्हणून हाक दिली आणि बहुतेकांना जीभ चावावी लागली. पहिला पक्का सापडला तोही भलत्याच ठिकाणी. १९९२ मध्ये अलेक्झांडर वोल्शचान आणि डेल फ्रेल यांनी कन्या राशीतल्या एका मेलेल्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं दाखवून दिलं. मेलेला म्हणजे फुटून, विझून, आक्रसून गावाएवढा उरलेला गोळा, जो एका सेकंदात दीडशेहून जास्त गिरक्या घेतो आणि दर गिरकीला रेडिओचा एक ठोका देतो. हे ठोके इतके नेमके, की ते किंचित मागंपुढं होऊ लागले तेव्हा कळलं, ह्या प्रेताचा हात धरून कुणीतरी फिरतंय. पुढं त्या ग्रहांचं बारसं झालं तेव्हा नावंही निवडून निवडून भुताखेतांची ठेवली. धाकटी माझ्या जवळ सरकली, म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

आता पूर्वेला वर बघा. चार ठळक तारे, मोठ्या चौकोनी खाटेसारखे. वरच्या दोन पायांना आपण पूर्वाभाद्रपदा म्हणतो, खालच्या दोघांना उत्तराभाद्रपदा. त्या वरच्या दोन पायांच्या दरम्यान, जरा बाहेरच्या अंगाला, एक अगदी मंद चांदणी आहे. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही, तुमच्या दिसेल. तिला नावबीव नव्हतं, महाअश्वातली ५१ क्रमांकाची एवढीच ओळख. सूर्यासारखीच, आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षं लांब. म्हणजे आज जो उजेड तुझ्या डोळ्यांत शिरतोय तो तिथून निघाला तेव्हा माझे केस काळे होते आणि पोट सपाट होतं.

ह्या चांदणीचा झोका पकडला कसा, हे सांगताना मला भिलाईत जावं लागतं. पोलादात काय काय उतरलंय हे बघायला प्रयोगशाळेत त्याच्या तुकड्यावर ठिणगी पाडतात आणि तिचा उजेड फोडून बघतात. इंद्रधनुष्यासारखा पट्टा पडतो आणि त्यात बारीक बारीक रेषा उमटतात; लोखंडाच्या रेषा लोखंडाच्या जागी, मँगनीजच्या मँगनीजच्या जागी. ताऱ्याचा उजेड असाच फोडला तर त्यातही रेषा मिळतात, फक्त तिथं त्या काळ्या असतात, आणि सूर्यासारख्या ताऱ्यात त्यांतल्या पुष्कळशा रेषा लोखंडाच्याच. दल्ली-राजहराच्या डोंगरात जे, तेच तिथंही! आता दुर्ग स्टेशनात गाडी शिट्टी देत येते तेव्हा आवाज कसा टिपेचा लागतो, आणि पुढं निघून गेली की कसा खाली उतरतो, ते तुम्हाला माहीत आहेच. उजेडाचंही तसंच होतं. तारा आपल्याकडं झुकला की लोखंडाच्या रेषा केसभर निळ्याकडं सरकतात, मागं गेला की केसभर तांबड्याकडं. मिशेल मायोर आणि दिदिए केलो ह्या दोघा स्विस गड्यांनी फ्रान्सच्या एका वेधशाळेतून हा केसभराचा फरक मोजायला घेतला. केलो तेव्हा विद्यार्थी होता, मायोर त्याचा गुरू. ५१ नंबरच्या चांदणीच्या रेषा अशा काही डुलू लागल्या, की केलोला आधी वाटलं आपलं यंत्रच बिघडलं. कारण झोका दर सव्वाचार दिवसांनी येत होता.

सव्वाचार दिवस म्हणजे काय, कळलं का? आपल्या बुधालासुद्धा सूर्याभोवती फेरी मारायला ८८ दिवस लागतात. इथं गुरूच्या निम्म्या वजनाचा अगडबंब ग्रह चुलीत डोकं घातल्यासारखा ताऱ्याला चिकटून चालला होता, पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब त्याच्या विसाव्या हिश्श्यावर, हजारेक अंश तापलेला. तोवर पंडितांचं ठाम मत होतं की मोठे ग्रह घरापासून लांबच राहतात. १९९५ च्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्सच्या सभेत दोघांनी हे जाहीर केलं, आणि २०१९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. त्याच ऑक्टोबरात, दिवाळीच्या अमावास्येला, २४ तारखेला सकाळी सूर्यग्रहण होतं. अर्धा भारत राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या त्या काळ्या पट्ट्यामागं धावला, आणि इकडं आम्ही वेल्डिंगच्या काचेतून सूर्याची कोर बघत आरडाओरडा करत होतो. दुसऱ्या सूर्याची बातमी त्याच महिन्यात निघाली होती, आणि आमच्या गावीही नव्हतं.

एवढ्यात एक पाकोळी आली आणि कंदिलाच्या काचेभोवती फिरू लागली. मी पोरांना म्हटलं, हीच आता दुसरी युक्ती शिकवील. समोरच्या भिंतीकडं बघा. पाकोळी काचेपुढून गेली की भिंतीवरचा उजेड पापणी लवल्यागत होतो की नाही? ग्रह ताऱ्याच्या आणि आपल्या बरोबर मधून गेला, तर ताऱ्याचा उजेड तसाच रतीभर उतरतो. गुरूएवढा ग्रह सूर्यापुढून गेला तर शंभरात एक भाग. पृथ्वीएवढा गेला तर बारा हजारांत एक. ८ जून २००४ ला शुक्र आपल्या सूर्यापुढून गेला होता. तव्यावर मोहरी पडल्यासारखा तो ठिपका मी पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पाडून बघितलाय. दूरच्या ताऱ्यावर तो ठिपका दिसत नाही, नुसती पापणी लवते, आणि ठरल्या वेळी पुन्हा लवली की समजायचं, लेकरू फेरी मारून आलं.

२००९ मध्ये अमेरिकेनं केपलर नावाची दुर्बीण आभाळात सोडली, ती ह्याच कामाला. डोक्यावर तो हंस आणि शेजारी अभिजित आहे ना, त्या दोघांच्या आसपासचा एक तुकडा धरून, पापणी न लवता, चार वर्षं ती दीड लाख ताऱ्यांच्या पापण्या मोजत बसली. एवढी चिकाटी आमच्या खाणीतल्या तपासनिसातही नव्हती. नऊ वर्षांत तिच्या पदरी अडीच हजारांवर ग्रह पडले. सगळ्यांनी मिळून धुंडाळलेले म्हणाल, तर २०२५ च्या सप्टेंबरात ६,००० चा आकडा ओलांडला.

त्यांत एकेक घर काय आहे म्हणून सांगू! तिकडं आग्नेयेला कुंभ राशीत, ४० प्रकाशवर्षांवर, ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक बुटका लाल तारा आहे, आपल्या गुरूपेक्षा जेमतेम मोठा, आणि त्याच्या पदराला सात लेकरं, सगळी साधारण पृथ्वीएवढी. २०१७ मध्ये सातही मोजून झाली. सातांचा संसार इतका दाटीवाटीचा की बुधाच्या फेऱ्यात सगळे मावून जागा उरावी. सगळ्यात आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं. म्हणजे गणपती आणला आणि दीड दिवसानं पोचवला, की तेवढ्यात वर्ष संपलं, पुन्हा आणायची वेळ झाली.

"रोज मोदक!" धाकटी म्हणाली.

आणि रोज एक वर्षानं म्हातारी होशील, तेही बघ.

आपले लोकही यात मागं नाहीत. अबूच्या पहाडावर, गुरुशिखराला, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची दुर्बीण आहे आणि तिला एक यंत्र जोडलंय, त्याचं नाव 'पारस'. पारस म्हणजे आपला परीस. लोखंडाचं सोनं करतो तो, असं म्हणतात; हा परीस लोखंडाच्या रेषांवरून ग्रह काढतो, आणि मला विचाराल तर हा व्यवहार सोन्याहून बरा. केपलरनं एका ताऱ्याची पापणी लवताना बघितली होती, ६०० प्रकाशवर्षांवर. पण आडवं गेलं ते नक्की काय, हे ठरवायला वजन हवं होतं. पारसनं झोका मोजून ते सांगितलं: २७ पृथ्व्यांएवढं, आणि वर्ष साडेएकोणीस दिवसांचं. ही गोष्ट २०१८ ची.

आणि आता शेवटची, मग झोपायचं. २०१९ मध्ये जगभरच्या खगोल मंडळींनी ठरवलं की प्रत्येक देशानं एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायचं. आपल्या वाट्याला आला मघेच्या खाली असलेला एक तारा, उघड्या डोळ्यांनी न दिसणारा. आज उगवेल तो मध्यरात्र उलटून गेल्यावर. लोकांकडून नावं मागवली, मतं घेतली. ताऱ्याचं नाव पडलं 'बिभा', बिभा चौधरींवरून. ह्या बाईंनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या काचा ठेवून आभाळातून येणाऱ्या कणांच्या खुणा टिपल्या होत्या, आणि पुढं मुंबईत टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेतही त्या होत्या. हयातीत कुणी फार विचारलं नाही. बिभा म्हणजे प्रकाशाची तिरीप. आणि ग्रहाचं नाव सुचवलं पुण्यातल्या एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलानं: 'संतमस'. संस्कृत शब्द आहे, म्हणजे दाटून आलेला झाकोळ. ज्या पुण्यात जेकब आपला ग्रह न सापडताच डोळे मिटून गेला, त्याच पुण्यातलं पोर, दीडशे वर्षांनी एका खऱ्या ग्रहाचं बारसं करतं! नावंही काय जुळली आहेत बघा. आई उजेड, लेकरू काळोख. दिव्याखाली अंधार म्हणून आपण नाक मुरडतो. ह्या लोकांनी आयुष्यं घालवली ती दिव्याखालचा तो अंधारच शोधण्यात.

बोलता बोलता बघतो तो धाकटी झोपून गेलेली. पलीकडचा सुआही थांबला होता. थोरल्यानं चटई गुंडाळली, मी पोरीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात कंदील घेतला, आणि जिन्याच्या पायऱ्या चाचपत उतरू लागलो. खाली अंगण सगळं काळोखात होतं. सून कुठं उभी होती मला दिसलं नाही, आणि तिलाही वरून डुलत येणाऱ्या कंदिलाखेरीज काही दिसत नसणार.

"झोपली वाटतं, मामाजी?" काळोखातून तिचा आवाज आला. "जपून या, एका अंगाला कलताय."